पालखीपुढचा हंडा

मुंबई, चैत्र वद्य तृतीया, सन १९३१

तीर्थरूप दादांस, धाकट्या भागोजीचा दंडवत.

दाभोळहून बोटीत त्रास झाला नाही. गिरणी चालू आहे, खोकलाही गेला, असं आयेला सांगा. तांबू व्याली काय?

आता रागाचं लिहितो. शिमग्याची पालखी अंगणात आली, तेव्हाच मी विहिरीवरून हंडा खांद्यावर घेऊन आलो. तुमच्या भावजयीला आठवा महिना, विहिरीची घाटी उभ्या चढाची, म्हणून मी गेलो होतो. खालच्या वाडीतला शिवा ओरडला, "भागोजी, आता लुगडं पण नेस!" सगळे हसले, तुम्हीही हसलात. वर माझ्या खांद्यावरचा हंडा उतरवून तिच्या डोक्यावर दिलात. आणि मी भरल्या अंगणात मान खाली घालून उभा राहिलो. त्याची चीड अजून जात नाही.

दादा, इथं गावच्या खोलीत आम्ही अकरा बाप्ये राहतो. चूल, भांडी, पाणी, सगळं पाळीनं. काल त्याच शिवाची पाळी होती. भाकऱ्या थापत बसला होता. मी विचारलं, "लुगडं आणून देऊ काय रे?" तर म्हणतो, "हितं गाव कुठं बघतंय?"

ही आपली मर्दुमकी!

तिला आता नववा लागला. पाणी कोण आणतं ते कळवा. ती घाटी चढत असेल तर उद्यापासून हंडा तुम्ही उचला.

घरात पत्र वाचून दाखवणारे तुम्ही एकटेच. यातलं काही गाळू नका. पालखीपुढं हसलात, तेवढ्याच मोठ्यानं वाचा.

तुमचा पाठचा,
भागोजी