जावातली मास्तरीण

दादा, तुमच्यावर माझा राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः पणजी व्हायला आले, तरी कुणी जावा बेटाचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा नात भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती. त्यात इंडोनेशिया आला, डोंगरउतारावरची भाताची शेतं आली, तर म्हणते कशी, आजी, हेच ना तुझ्या वडिलांचं गाव? तुमचं गाव नेवाशाजवळचं, बाजरीचं आणि कुसळांचं. पण आमच्या घरात दादांचं गाव म्हटलं की ते तिकडचंच. इतकं तुम्ही ते आमच्या डोक्यात भरवून ठेवलंय.

लढाई संपली, बाकीच्यांचे बाप-भाऊ घरी आले, तुमची पलटण मात्र जावात उतरवली. जपानी हरले होते, तिथले लोक आम्ही आता स्वतंत्र झालो म्हणत होते, आणि डच साहेब परत येऊन गादीवर बसेपर्यंत इंग्रज सरकारनं तुम्हाला डोंगरातल्या एका पुलावर बंदूक देऊन उभं केलं. पुलाखाली ते गाव. कुणाच्या बाजूनं उभे होतात, हे तुम्ही परत आल्यावर आपल्या गावच्या पारावर कधी सांगितलं नाहीत. सांगायचात ते त्या गावाचंच. बांबूची घरं, दारात बदकं, भाताच्या पाण्यात सोडलेले मासे. माथ्यावरचं पाणी वाफ्यावाफ्यातून उतरत सगळ्यात खालच्या माणसापर्यंत पोचायचं. बायका मुठीत लपेल एवढ्याशा पात्यानं एकेक लोंबी कापायच्या, कारण विळा दिसला तर भाताची देवी दचकते म्हणे. बाजारात विकायला बसायच्या त्याही बायकाच, आणि पैसा त्यांच्याच कनवटीला. जपान्यांनी तांदूळ ओढून नेलेला, कित्येकांच्या अंगावर नुसतं गोणपाट, तरी त्या गावाचं पुढं भलं होणार असं तुम्ही छातीठोक सांगायचात.

का होणार, तर त्या पोरीमुळे. तिथल्या पाटलाला मोडकं हिंदुस्तानी यायचं, तो कधीकाळी जहाजावर कामाला होता. त्यानं तुम्हाला सांगितलं, राज्य आता आपलं झालंय, मग अक्षर नको का यायला? शाळा नाही, मास्तर नाही, खडूसुद्धा नाही. शहरात चार बुकं शिकून आलेली एक पोर दिवेलागणीला फळीवर कोळशानं अक्षरं काढायची आणि सगळं गाव समोर चटईवर बसून गिरवायचं. गोष्ट इथवर आली की तुम्ही मांडी बदलायचात. "माझ्या पोरीएवढी हुती," म्हणायचात, "आन् पांढऱ्या केसाचा पाटील तिच्याम्होरं मान खाली घालून बसायचा. त्या गावाला मरान न्हाई." पारावरचे म्हातारे माना डोलवायचे. मी देवळामागं उभी राहून ऐकायची. माझ्या पोरीएवढी हे शब्द कानावर पडले की अंगावर मूठभर मांस चढायचं. दादांना मी तशीच व्हायला हवी आहे, असं मी धरूनच चालले. याहून स्पष्ट कुठल्या बापानं सांगितलं असतं?

त्याच एका गोष्टीवर मी सातवीची फायनल दिली. वर्गात आम्ही दोघी मुली, त्यातली एक मधेच लग्न होऊन गेली, मग मी एकटीच. पोरं वेण्या ओढायची, मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पास झाले. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. शाळेचे मास्तर स्वतः घरी आले, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसले. आई भाकरी थापत होती, मी चुलीत काटक्या सारत होते. नगरला बायकांचं ट्रेनिंग कॉलेज आहे, राहायची सोय आतच, लक्ष ठेवायला बाई आहेत, जेवणाखाणाचं सरकार बघतं, शिकून आली की तालुक्यातच नोकरी. सगळं त्यांनी नीट समजावलं. तुमची एक सही तेवढी पाहिजे होती. तुम्ही चहा संपवलात, कप उपडा ठेवलात आणि जमायचं न्हाई म्हणालात. लोक काय म्हणतील, हवालदाराची पोर नगरात एकली ऱ्हाती.

मी आयुष्यात तुमच्यापुढं तोंड उघडलं ते तेवढंच. म्हटलं, "दादा, पन जावातली ती पोर..."

तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. "ती त्यांची पोर हुती. तू माझी हायेस."

मास्तरांनी टोपी घातली आणि ते उठले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला, तेव्हा कुठं आईचा हात हलला.

एवढ्यावर थांबला असतात तर मी गिळलंही असतं. पण त्याच संध्याकाळी मी आडावर गेले, तर पारावर राहुरीकडचा कुणी पाहुणा आलेला, आणि लोक म्हणतायत, हवालदार, सांगा की तुमचं ते गाव. मला वाटलं, आज तरी तुमची जीभ अडखळेल. कसली अडखळते! तीच बदकं, तेच मासे, तीच पोर, आणि माझ्या पोरीएवढी हुती, हेसुद्धा तसंच. कडेवर भरली घागर घेऊन मी ऐकत उभी. परक्या पोरीसाठी ज्यांच्या माना डोलत होत्या, त्यांनाच तुम्ही स्वतःच्या पोरीसाठी भ्यायलात. पुलावर बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस, आणि पारावरच्या चार म्हाताऱ्यांना भ्याला. शरम कशी वाटली नाही हो तुम्हाला?

पुढच्या लग्नसराईत मला पुणतांब्याला देऊन टाकलंत. माणूस वाईट नव्हता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जन्म खुरप्यात गेला. आळीतल्या बाया माहेरची पत्रं वाचून घ्यायला यायच्या, तेवढीच काय ती माझी मास्तरकी. आईचं मी मनाला लावून घेतलं नाही, तिनं वेशीबाहेरचं काही पाहिलंच नव्हतं. तुम्ही पाहिलं होतंत, दादा. डोळ्यांनी पाहिलं होतंत, तोंडभरून वाखाणलं होतंत, आणि घरात यायची वेळ आली तेव्हा दार लावून घेतलंत. अडाणी बापाला माफ करता येतं. तुमचं काय करू?

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, नातीला तर नाहीच. ती आता बी.एड. करायचं म्हणतेय. मला विचारत होती, आजी, तू एवढी हुशार, मग तू का नाही गं झालीस मास्तरीण? तिच्या आईनं लहानपणी हेच विचारलं होतं, आणि तिला सांगितलं तेच मी हिलाही सांगितलं. माझ्या वडिलांची फार इच्छा होती, म्हटलं. त्या वर्षी नगरला जागाच शिल्लक नव्हती.