आजीच्या रायफलीचं चेंबर

रविवार, ३ ऑगस्ट

गेल्या हंगामात काय झालं ते एकदा कोरडेपणाने लिहून ठेवते.

१. नोव्हेंबरमधला शनिवार. शिकारीच्या कॅम्पच्या वरच्या उतारावर एल्क या मोठ्या हरणाचा नर उभा. म्हशीएवढा. पूर्ण कूस माझ्याकडे.
२. अंतर दोनशे ऐंशी यार्ड. यंत्राने मोजलेलं.
३. वारा नाही.
४. मी आजीची थर्टी-ऑट-सिक्स रायफल बॅगेवर टेकवून गोळी झाडली.
५. नराच्या चार फूट खाली एका दगडाची कपची उडाली.
६. नराने दगडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग तो चालत गेला. पळालासुद्धा नाही.
७. आर्डिस आत्याने कात्री आणली आणि माझ्या शर्टाचं मागचं टोक कापून कॅम्पच्या भिंतीवर खिळ्याने ठोकलं. नेम चुकला की शर्ट कापायचा, हा आमच्या घरचा नियम. भिंतीवर पाच तुकडे आहेत. एक आजोबांचा, एक पाद्रीबाबांचा. उरलेले तीन माझे.

निष्कर्ष: काडतूस कमी पडतं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

उपाय सापडला. 'इम्प्रूव्हड'.

साध्या काडतुसाची पितळी नळी बाटलीसारखी असते, वर निमुळती आणि खांदे उतरते. इम्प्रूव्हडच्या बाजू सरळ आणि खांदे ताठ. त्यामुळे आत जास्त दारू मावते आणि गोळी जास्त वेगाने जाते. त्यासाठी रायफलीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, आतून त्याच आकाराची कोरून घ्यायची. जुनी काडतुसंही चालतात. उडवली की त्यांची नळी फुगून नव्या आकाराची होते. देखणी कल्पना.

गणित केलं. वेग सेकंदाला साधारण सत्तर फुटांनी वाढेल. दोनशे ऐंशी यार्डांवर गोळी पूर्वीपेक्षा पाऊण इंच कमी खाली येईल.

गेल्या वर्षी चुकलं होतं अठ्ठेचाळीस इंचांनी. त्यातल्या पाऊण इंचाचा निकाल लागला. उरलेल्या सव्वासत्तेचाळीस इंचांचं पुढे बघू. मोठे प्रश्न असेच टप्प्याटप्प्याने सोडवतात.

शनिवार, १६ ऑगस्ट

आत्याकडे जेवण. तिने बेरींचं सारण भरलेला गोड 'पाय' भाजला होता. जांभळे डाग पडलेल्या हातांनीच तिने माझा गणिताचा कागद घेतला आणि आलेख उलटा धरून वाचला. मी सरळ करून दिला. तिने पुन्हा उलटा केला.

मी शांतपणे समजावलं की नळीत जास्त दारू मावते, हाच मुख्य मुद्दा. आत्या म्हणाली, जास्त दारू मावल्याने नेम सुधारत असता तर तुझे आतोबा जगातले पहिले नेमबाज झाले असते. आतोबा टीव्हीसमोरून ओरडले की मी एकदा सुधारलो होतो. आत्या म्हणाली, हो, तेव्हा तुम्ही शेजाऱ्याच्या बॉयलरला गोळी घातली होती.

मग ती गंभीर झाली. मला नावाने हाक मारून म्हणाली, मारेन, ती माझ्या आईची रायफल आहे. तिने त्या रायफलीवर एकवीस एल्क घरी आणले, चार पोरं वाढवली. तुला दिली आहे ती वापरायला. तिला कानस लावायची नाही. लावलीस तर ती दुसऱ्या दिवशी ब्यूटला रॉयसकडे जाईल.

रॉयस म्हणजे आत्याचा मुलगा. भिंतीवर त्याचा एकही तुकडा नाही. हे तो कधी बोलून दाखवत नाही, फक्त कॅम्पवर लांब शर्ट घालून येतो.

घरी आल्यावर विचार केला. आत्या 'कानस' म्हणाली. चेंबर कानसेने कोरत नाहीत, रीमरने कोरतात. दोन्ही हत्यारं वेगळी. शब्द काटेकोर वापरले पाहिजेत, असं मी नेहमी सांगते.

गुरुवार, २१ ऑगस्ट

कामावर, जिथे मी मापाची उपकरणं तपासते, चार मायक्रोमीटर परत आले. 'चुकीचं माप दाखवतो' अशी चिठ्ठी प्रत्येकाला. चारही तपासले. चारही बरोबर. वापरणारे जास्त दाबून धरतात. स्वतःच्या हाताकडे बघायची कुणाची तयारी नसते, उपकरणाला दोष देणं सोपं. चिठ्ठीवर 'उपकरण निर्दोष' असं लिहून परत पाठवले.

रायफलीचं चेंबर कोरून घ्यायचं नक्की केलं.

शनिवार, ६ सप्टेंबर

डार्बी गावाच्या पुढे नदीकाठी राशची शेड. बंदुकांची सगळी कामं तो करतो आणि बोलायचं थांबत नाही. मी विचारलं, फायदा होईल का? तो म्हणाला, कुणाचा? माझा होईल.

मी वेगाचे आकडे सांगितले. तो म्हणाला, हे बघ पोरी, सत्तर फूट हवे असतील तर सत्तर फूट मिळतील. एल्कला त्यातलं काही कळणार नाही, पण एल्क माझ्याकडे कधी गिऱ्हाईक म्हणून आलेला नाही. मला कुणी लोखंड आणून दिलं की मी कोरतो. तुझ्या आत्याने स्टोव्ह आणला तर तोही कोरीन.

मग त्याने आजीची रायफल उजेडात धरली. बोलायचा थांबला. पहिल्यांदाच. म्हणाला, ही मार्गिटची ना? मार्गिट म्हणजे आजी. मी हो म्हटलं. तो म्हणाला, कोरलेलं परत भरता येत नाही, माहीत आहे ना?

मी म्हटलं, वजाबाकी म्हणजे काय ते मला माहीत आहे.

रायफलीच्या नळीवर नव्या काडतुसाचं नाव ठोकावं लागेल, म्हणजे पुढे कुणी चुकीचं काडतूस भरणार नाही. मी सगळ्यात लहान अक्षरं मागितली. आत्याला जवळचा चष्मा लागतो आणि कॅम्पवर ती तो लावत नाही.

काम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. एल्कचा हंगाम पंचवीसला सुरू. सगळं जुळतं.

रविवार, १४ सप्टेंबर

आत्याला सांगितलं की रायफल राशकडे सर्व्हिसिंगला दिली आहे. हे खरं आहे. सर्व्हिसिंग हा व्यापक शब्द आहे.

ती म्हणाली, बरं केलंस, कधी नव्हे ते. मला बरं वाटलं, मग जरा कमी बरं वाटलं. जेवण उशिरा झालं म्हणून असेल.

निश्चय: रायफल येईपर्यंत रोज सकाळी झाडूचा दांडा रायफलीसारखा धरून नेमाचा सराव.

मंगळवार, १६ सप्टेंबर

दांड्याला ट्रिगर नसतो. सरावाला शास्त्रीय आधार नाही. बंद केला.

रविवार, २८ सप्टेंबर

आज काडतुसं भरण्याच्या टेबलाची जागा पक्की केली. वॉशिंग मशीनवर. पहिली चाळीस जुनी काडतुसं फक्त त्यांच्या पितळी नळ्या फुगवायला उडवायची, नेमाचा विचार न करता. या एका बाबतीत माझी तयारी आधीपासूनच आहे, असं आत्या म्हणाली असती. तिला सांगितलं नाही.

फ्रिजरमध्ये मटार, बर्फ आणि रॉयसने दिलेलं एल्कचं सॉसेज. सॉसेज मी खात नाही. तत्त्व म्हणून. काल अर्धं खाल्लं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आत्या सकाळी ट्रक घेऊन दारात. म्हणाली, चल खडीच्या खाणीत. तुझी येईपर्यंत माझी रायफल घे. हात गंजला तर राश काय सर्व्हिसिंग करणार त्याचं?

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा शंभर यार्डांवर उभा केला. मी चार गोळ्या झाडल्या. एक पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात, तीन खाली मातीत. मी म्हटलं, तुझ्या रायफलीवरची दुर्बीण सरकली आहे. आत्या म्हणाली, काल सरकली नव्हती, काल मी याच रायफलीने इथेच डबा उडवला. मी म्हटलं, म्हणजे त्यानंतर सरकली.

पुढचं काडतूस आत घ्यायला बोल्ट मागेपुढे केला, पाचव्यांदा नेम धरला, श्वास रोखला, ट्रिगर दाबला.

टिक.

आवाज तेवढाच. आजीच्या रायफलीत पाच काडतुसं मावतात, आत्याच्या चार. मी सवयीने पाच मोजत होते. आत काहीच नव्हतं. तरीही रायफलीच्या नळीचं टोक वीतभर खाली गेलं, खांदा पुढे आला, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे माझे डोळे घट्ट मिटले. याची खात्री मला करता आली नाही, कारण डोळे मिटलेले होते.

 आत्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसली आणि रडेपर्यंत हसली. म्हणाली, अगं, रायफल रिकामी, तरी तू तिला नमस्कार घातलास! मी म्हटलं, यावरून काही सिद्ध होत नाही, हा एकच प्रयोग आहे. ती डोळे पुसत म्हणाली, मग उद्या अजून करू, बाईसाहेब.

रविवार, १२ ऑक्टोबर

पुन्हा खाण. या वेळी रायफल आत्या भरून देणार किंवा न भरता देणार, मला न सांगता. दहा वेळा.

सहा वेळा रायफल रिकामी होती. सहाही वेळा मी नमस्कार घातला. उरलेल्या चार वेळी आवाज आणि धक्क्यामुळे काही दिसलं नाही. म्हणजे तीन वर्षं मला जे दिसलं नाही, तेच.

घरी गणित. गोळी बाहेर पडेपर्यंत नळीचं टोक इंचाचा सहावा हिस्सा जरी खाली गेलं तरी दोनशे ऐंशी यार्डांवर गोळी सुमारे सत्तेचाळीस इंच खाली जाते. बाकी राहिलेला आकडा जवळपास पूर्ण जुळला. काडतुसाच्या वाट्याला पाऊण इंच, माझ्या वाट्याला उरलेलं.

आत्या परत येताना ट्रकमध्ये म्हणाली, असं प्रत्येकाचं होतं, माझंही व्हायचं. आई मला महिनाभर रिकाम्या रायफलीवर बसवायची, स्वयंपाकघरात, नळीवर एक नाणं ठेवून. नाणं पडलं की भांडी माझी. तू गुरुवारपासून ये. मी म्हटलं, रायफल नाही ना माझ्याकडे. ती म्हणाली, त्यात काय, गुरुवारी मी बटाटे आणायला डार्बीला चाललेच आहे. येताना राशकडून आईची रायफल घेऊन येते. सर्व्हिसिंग कसं झालंय तेही बघते, चष्मा घेऊनच जाते.

मी खिडकीतून नदी पाहिली. नदी ठीक होती.

सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळी

इम्प्रूव्हड काडतूस मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. कल्पना अजूनही देखणी आहे. फक्त या रायफलीबाबत नवी माहिती हाती आली आहे, त्यामुळे निर्णय पुढे ढकलणं योग्य. भावनेचा यात संबंध नाही.

राशला फोन केला. त्याच्या फोनच्या मशीनवर त्याचाच आवाज: मी पूर्वेकडे अँटिलोप हरणांच्या मागे गेलोय. ज्यांची कामं झाली ती मागच्या कपाटात आहेत, ज्यांची नाहीत त्यांनी धीर धरा.

माझं कोणत्या गटात, ते सांगितलं नाही.

पुन्हा फोन. तोच आवाज. तिसऱ्यांदा केला. आवाज बदलला नाही.

डार्बीला गाडीने गेले. शेडला कुलूप. खिडकीतून मागचं कपाट दिसतं, पण कपाटाला दार आहे. खाली जमिनीवर लोखंडाचा चुरा पडला होता. चुऱ्यावरून तो कुठल्या रायफलीचा ते ओळखता येत नाही. मी बराच वेळ प्रयत्न केला.

शेवटी मेसेज पाठवला. आधीच्या तीन मसुद्यांत कारणं होती, ती काढली. पाठवलेला मजकूर:

राश, मार्गिट लिंडग्रेनची थर्टी-ऑट-सिक्स तुमच्याकडे आहे. चेंबर अजून कोरलं नसेल तर कृपया कोरू नका, रायफल आहे तशीच राहू द्या. कोरलं असेल तर तसं सांगा, म्हणजे आत्याला ते माझ्याकडून कळेल. ती गुरुवारी सकाळी तुमच्याकडे येते आहे. दोन्हीपैकी जे असेल ते बुधवार, १५ ऑक्टोबरला संध्याकाळपर्यंत मला कळवा.
मारेन