पदर पेटला म्हणून सांगितलं

प्रिय पूनम,

परवा आई येऊन गेली. मंगळवेढ्याहून एसटीनं एकटीच आली, विचारत विचारत माझी खोली शोधली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यातून नुकतीच परतले होते. तिला बघून इतका आनंद झाला, की आधी चहाच टाकला. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. अजून बघवत नसेल. गळ्यापासून कानापर्यंतची कातडी आवळलीय, मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं. हात तेवढे शाबूत राहिले. दिवसभर शर्टांना कॉलरी लावते.

कप खाली ठेवून आई म्हणाली, “पूनमचं ठरलं. जोतिरामसंगं. त्यानं दारू सोडली हाय. घर बघण्यातलं हाय की.” मग हळूच म्हणाली, “तू लग्नाला येऊ नगंस. पावण्यांनी तुझं तोंड बघितलं की नको त्यो विषय निघतो.”

पूनम, माझ्याच नवऱ्याशी तुझं लग्न! दवाखान्यात पोलीस माझा जबाब घ्यायला आले, त्याआधी आण्णांनी माझ्या पायाला हात लावला होता. “धाकटीला कोण करून घेईल, बाई?” म्हणाले. तुझ्यासाठी मी सांगितलं, चहा करताना पदर पेटला. पुढं घटस्फोटाच्या कागदांवर मुकाट सही केली. तुला चांगलं घर मिळावं म्हणून मी ज्याला वाचवलं, त्याच्याच घरात तुला देतायत.

तू तेव्हा चौदा वर्षांची, दिवाळीच्या सुट्टीला आमच्याकडं आलेली. त्यानं रॉकेल ओतलं, काडी ओढली, तेव्हा तू दारातच होतीस. मी तुझं नाव घेऊन ओरडले. तू पळालीस ती ज्वारीच्या रानात जाऊन बसलीस. पाणी शेजारच्या चिमाबाईनं ओतलं. यावरून मी तुला कधी बोलले नाही. लेकरू होतीस, भ्यालीस. पण आई म्हणाली, या लग्नाला तू स्वतःच्या तोंडानं हो म्हणालीस. तेव्हा मात्र तुझी चीड आली.

काल पोलीस ठाण्यात जाऊन मी खरं ते लिहून दिलं. साहेबांनी विचारलं, कुणी पाहिलं होतं का? मी तुझं नाव सांगितलं. सोमवारी तुला बोलावणं येईल, मांडव घालायच्या आधी. आण्णा म्हणतील, तोंड उघडू नकोस. तू काय सांगशील, मला खरंच माहीत नाही. लग्न मोडलं म्हणून जन्मभर मला शिव्या दे. तुझ्या धडधाकट गळ्यातून आलेल्या शिव्या मी ऐकून घेईन.

तुझीच, अजून तरी,
दिपालीताई