दोन टेबलांचा अर्ज

ता. ३ जून

ती. दादास, शि. सा. न.

काम पडलं म्हणून लिहिते आहे, उगाच ओढ दाखवत नाही. आमच्या इमारतीच्या मालकाने ती विकायला काढली आहे. वर बावीस बिऱ्हाडं, खाली माझी बालवाडी, आणि वरचीच मुलं खाली येतात. सरकारने इमारत घेऊन ती झेपेल अशा भाड्याने द्यावी आणि बालवाडीला अनुदान द्यावं, असा एकच अर्ज मुलांच्या आयांनी आणि मी मिळून लिहिला आहे. तू मंजुरीच्या खात्यात अठरा वर्षं खुर्ची झिजवली आहेस, जरा नजर टाक.

शिवणकामवाल्या बाईंची तीन वर्षांची पोर वर्षभर तोंडातून शब्द काढत नव्हती. काल ती माझ्यावर खेकसली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

वहिनीला नमस्कार. माया कमी करू नकोस.

तुझी,
ठमी

ता. ११ जून

चि. ठमीस, अ. आ.

अर्ज वाचला. अक्षर सुधारलं आहे, डोकं तसंच तापट आहे. अगं, घरं एका खात्याकडे, मुलं दुसऱ्याकडे. जोड-अर्ज दोन टेबलांमध्ये फिरत राहतो आणि दोघेही 'आधी त्यांचं होऊ दे' म्हणतात. असे कागद मी स्वतः फिरवले आहेत. तेव्हा दोन अर्ज कर. बालवाडी लहान बाब, चटकन सुटेल. घरांचं मागाहून बघू.

मुलांना घर लागतं हे मलाही कळतं, पण टेबलाला कळत नाही. माझं स्वतःचं मत विचारू नकोस, नोकरीत ते बाळगायची सवय गेली. तुझी वहिनी म्हणते, वेळेवर जेवत जा.

आशीर्वाद आहेतच.

दादा

ता. २ सप्टेंबर

ती. दादास, शि. सा. न.

बालवाडी मंजूर! खोलीचं भाडं, चटया, मदतनीस, सगळं मिळालं. आया अर्ज तोडायला तयार नव्हत्या. पोर उचलताना कोणी नुसते पाय उचलतं का, असं शिवणकामवाल्या बाईंनी मला विचारलं. तुझ्या भरवशावर मी त्यांना गप्प केलं. चला, तू बरोबर निघालास, आता फार फुगू नकोस. घरांच्या अर्जाचं अजून काही कळलं नाही.

आहे तसाच लोभ ठेव.

ठमी

ता. १९ नोव्हेंबर

ती. दादास, शि. सा. न.

घरांचा अर्ज नामंजूर. शेरा असा आहे: 'सदर ठिकाणी लहान मुलांची सोय झालेली असल्याने तातडी दिसत नाही.'

इमारत विकली गेली. सतरा बिऱ्हाडं शहराच्या पार टोकाला गेली. खालची खोली तेवढी नव्या मालकाने ठेवली, कारण तिचं भाडं सरकार देतं. भिंतींना नवा रंग आहे, गुडघ्याएवढ्या खुर्च्या आहेत आणि मुलं पाच आहेत. हजेरी विसाच्या खाली राहिली की अनुदानही बंद. ती खेकसणारी पोर गेली. नव्या जागी ती पुन्हा बोलेनाशी झाली आहे, असा तिच्या आईचा निरोप आला.

मला राग आला आहे, दादा. तुझा आलाच आहे, पण माझा जास्त, कारण त्या बायकांचं तोंड मी बंद केलं. वीस डिसेंबरला तुझ्याच कार्यालयात फेरसुनावणी आहे. त्यांना घेऊन येते आहे, अर्ज एकच. तुझी अडचण होणार असेल तर तुझ्याकडे उतरणार नाही.

ठमी

ता. २६ नोव्हेंबर

चि. ठमीस, अ. आ.

उतरायचं इथेच. सगळ्या जणी या, तुझ्या वहिनीने गाद्या उन्हात घातल्या आहेत.

तो शेरा मागवून पाहिला. लिहिणाऱ्याची चूक काढता येत नाही. त्याच्या टेबलावर अर्धाच कागद होता, आणि असे शेरे मी शेकड्याने लिहिले आहेत. त्यानंतर कुठली पोर बोलायची थांबली, हे मला कधी कुणी कळवलं नव्हतं.

एका मागणीच्या दोन का केल्या, असं ते तुला विचारतील. स्वतःवर घेऊ नकोस. याच कार्यालयातल्या भावाने सांगितलं, असं सांग, हुद्द्यासकट. मी तिथेच बसलेला असेन, विचारलं की उभा राहीन. साहेबांना आज तसं लेखी दिलं आहे.

आयांच्या सह्यांखाली एक ओळ मोकळी सोड.

तुझा,
दादा