आबा, अंगणात हरळी लावलीय

अहो आबा,

दंडवत नंतर घालते. आधी काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घ्या. तुमच्या अंगणात मी हरळी लावलीय, तुम्ही जन्मभर रानातून उपटलेलं तेच तण. चुकून आलेली नाही. स्वतः खणून आणली, पसरली, वरून पाणी मारलं. आज सगळं अंगण हिरवंगार आहे, आणि सोनीच्या होणाऱ्या सासूबाई ते बघून गेल्या. काय म्हणल्या ते शेवटी सांगते.

चार बुकं शिकलेली बाई मी, अक्षर वाकडं येतंय, चालवून घ्या. सोप्यातल्या तुमच्या फोटोशीच बोलले असते. पण परवा बोलत होते तर सोनी फिदीफिदी हसली. "आई, आबांशी भांडतीस का काय?" भांडू नको तर काय करू? तुम्ही गेल्यापासून या घरात माझ्याशी बरोबरीनं भांडणारं माणूसच उरलं नाही. तुमचे लेक तर मी तोंड उघडलं की ट्रॅक्टर चालू करतात.

तुमच्या नातीचं लग्न ठरलं, आबा! पोरगा सोलापूरचा, भवानी पेठेतला. टॉवेलच्या कारखान्यात मशिनी सांभाळतो. बोलतो कमी, जेवतो झकास. तुम्हाला आवडला असता. अजून थोडी कळ काढली असती तर बघितला असता की! सगळा जन्म मला "घाई करू नगंस" म्हणत आलात. मग जायच्या वेळी एवढी घाई तुम्हाला कुणी सांगितली होती?

सुपारी फोडायच्या दिवशी मी सांगून टाकलं, लग्न आमच्या दारात. सोनी एवढीशी होती तेव्हा तिला मांडीवर घेऊन तुम्हीच बोलला होतात, "हिचं लगीन माझ्या अंगणात. हॉल-बिल न्हाय." सोनीही त्यावरच अडून बसलीय. म्हणते, आबांचा फोटो सोप्यात आहे, लग्न सोलापुरात केलं तर त्यांना दिसणार कसं?

पण विहीणबाई अंगण बघून नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. गोड बोलतात, पण आत टाचणी असते. म्हणल्या, "जागा मोठी आहे हो. पण धूळ किती! आमच्याकडच्या बायका भारी साड्या नेसून येणार. सोलापुरात एखादं लॉन बघूया का?"

मी म्हणलं, "लॉन हितंच करू की. ट्रॅक्टर घरचा हाय."

तुमच्या लेकाला चहाचा ठसका लागला.

विहीणबाई हसल्या. "बरं. पाडवा झाला की येऊन बघते. हिरवं दिसलं तर इथंच. नाहीतर लॉन मी ठरवते." सगळ्या पाहुण्यांसमोर, आबा!

पाहुणे गेले तसे हे म्हणाले, "अगं, लॉन म्हंजे काय मेथी हाय का, टाकली न् उगवली?"

"मेथी उगवती, मग गवताला काय धाड भरली?"

ट्रॅक्टर घरचा, खरं. पण त्याच्या मागं जोडायचं काय? शेडमध्ये तुमचा पलटी नांगर, फण आणि फळी. माती भुसभुशीत करणारा रोटर नाहीच. ह्यांनी एकदा रोटर घ्यायचा विषय काढला तर तुम्ही भरल्या ताटावरून उठला होतात! "रोटर हरळीचं तुकडं तुकडं करतंय, आन् तुकड्यागणिक नवी हरळी उठतीया. दारात रोटर आला तर मी मळ्यात झोपाया जाईन."

आणि हरळीपायी मला काय कमी छळलंत? हातावरची मेंदी उतरली नव्हती तर नांगरामागं हरळीच्या काशा, मातीतली ती चिवट मुळं, वेचायला उभी केलीत. एवढीशी काशी मातीत राहिली की सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडायचात, "शालन! ती कुणाच्या बापाला ठिवलीस?" माझा बाप बार्शीत भुसाराच्या दुकानात. त्याला काय करायची होती हरळी?

ह्यांनी पहिल्यांदा नांगरच जोडला. मी नको म्हणत होते. अंगण म्हणजे काय रान आहे? गाड्या, जनावरं, मळणीयंत्र, सगळ्यांनी तुडवून फरशी केलेली. नांगर घुसला तसं एकेक ढेकूळ म्हैस बसल्यासारखं वर आलं. अशावरनं नवरदेव चालवायचा का उड्या मारायला लावायचा? म्हणलं, सोडा तो नांगर.

मग मीच वैरागला सलीमभाईंना फोन लावला. त्यांचा रोटर भाड्यानं फिरतो. फोन करताना तुमच्या फोटोकडं पाठ केली होती, खोटं कशाला सांगू!

सलीमभाईंनी टाचेनं जमीन ठोकून बघितली. "भाभी, आदी पाणी सोडा. वाफसा येऊ द्या. फणानं फाडा, दगड येचा. मग माझा रोटर."

"लगीन तुमच्या वाफशासाठी थांबतंय व्हय? मारा आजच!"

मारला. काय सांगू आबा, रोटर बेडकासारखा उड्या मारायला लागला! ठिणग्या उडाल्या, कुत्रं गोठ्यात पळालं, आणि जमिनीवर नुसते ओरखडे. सलीमभाई खाली उतरले, तुमच्या फोटोला सलाम केला आणि म्हणाले, "आबा असतं तर आज आपल्या दोघांची वरात काडली असती."

पाणी सोडलं. मग वाट बघणं आलं. ते मला कधी जमलंय? सकाळी उठायचं, मूठभर माती दाबून गोळा करायचा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. तुम्हीच शिकवलेलं. चपटा झाला तर अजून ओल जास्त, फुटला तर वाफसा. रोज चपटा! सोनी विचारायची, "आई, आज किती लाडू वळलेस?" एका सकाळी फुटला. मी अशी ओरडले की हे अर्ध्या दाढीला साबण घेऊन बाहेर आले.

फण जोडला, उभी आडवी पाळी घातली. दगड वर आले ते मी न् सोनीनं वेचले. त्यावर रोटर फिरला तशी माती शिऱ्यासारखी रवाळ झाली. फळीनं सपाट केली. आता राहिलं गवत.

बार्शीला रोपवाल्याकडं गेले. त्यानं लॉनचं गवत म्हणून चटई उलगडली. मी एक काडी ओढून बघितली.

"ही तर हरळी!"

"ताई, ही लॉनची. बारीक पानाची."

"बारीक पानाची हरळीच की! आमचा म्हातारा जन्मभर हिला उपटत ऱ्हायला, आन् तू इकतोस व्हय रं?"

येताना एसटीत एकटीच हसत होते. शेजारची बाई जागा बदलून बसली.

हौदाच्या कडेला तुम्ही गणपतीच्या दूर्वांसाठी हरळी राखली होती. रानातली जाळायची आणि ही पाणी पाजून वाढवायची! मी म्हणायचे, "आबा, दुश्मनाला जेवू घालताय." तुम्ही म्हणायचात, "देवाच्या वाटणीची हाय. हात लावू नगं." लावला हात. निम्मी देवाला ठेवली, निम्मी काढली, बांधावरची खणून आणली. सगळी अंगणात पसरून सलीमभाईंना म्हणलं, "आता फिरवा रोटर, वरच्यावर." तुकडे तुकडे झाले, आबा! तुम्ही जन्मभर ज्याला भ्यालात, मला नेमकं तेच पाहिजे होतं.

शेवटी दाबायला रूळ हवा. तुमचा ज्वारी मळायचा दगडी रूळ होता ना, ज्याच्यावर बसून तुम्ही चहा प्यायचात आणि मला हाका मारायचात? तोच साखळीनं ट्रॅक्टरला बांधला. फिरायला लागला तसे हे सारखे मागं वळून रुळाकडं बघत होते, डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, धूळ गेली. ओल्या जमिनीत कसली धूळ?

मग रोज पाणी मारलं, तुकड्यातुकड्याला कोंब फुटले आणि पाडव्यापर्यंत अंगण हिरवं झालं. तर, विहीणबाई आल्या. कडेला उभ्या राहिल्या. चपला काढल्या. पायानं दाबून बघितलं. "हे कुठून आणलं हो लॉन?"

"घरचं हाय."

आणि काय सांगू, भारी साडीत मधोमध फतकल मारून बसल्या की! हात फिरवला आणि म्हणल्या, "मांडवाचं तोंड कुणीकडं करायचं?"

मी सोप्यातल्या फोटोकडं बोट केलं. "तिकडं."

आता शब्द देते. लग्न झालं की अंगण आणि रान यांच्यामध्ये चर खणून घेणार. एक काशी जरी रानात गेलेली दिसली तर मी स्वतः उपटीन, बांधावर जाळीन आणि तुम्ही ओरडायचात तसंच माझ्यावर मीच ओरडीन. रोटर रानात पाय ठेवणार नाही. अंगणातली हरळी मात्र राहणार. तुम्हीच म्हणायचात, ही जात चिवट, उपटा, जाळा, जागा सोडत नाही, घरच्या माणसाच्या उरावर बसून ऱ्हाती.

कुणाबद्दल बोलत होतात, आबा? हरळीबद्दल, का स्वतःबद्दल?

तुमची घायकुती सून,
शालन