कमलच्या टोपातली घोळ

अहो नंदूचे बाबा,

काल जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही. सकाळपासून चहा ठेवते आणि उतू घालवते.

तुम्ही गेल्यापासून मागच्या वाफ्यांकडे कुणी बघितलंच नव्हतं. वांग्यांच्या मधून घोळीची रानभाजी अशी पसरली की माती दिसेना. तुम्ही असतात, तर कंपनीतून आल्या आल्या, कपडेही न बदलता उपटायला बसला असतात.

आठवतं, लग्न होऊन मी पेणहून रोह्याला आले, तेव्हा तुम्ही उपटून टाकलेली घोळ मी सुपात भरून घरात नेली होती? "आता गवत खायचं का?" म्हणालात. आमच्याकडे खाडीकाठी, मिठागरावर कामाला जाणाऱ्यांच्या घरांत, घोळ आणि सुकट असली की भात कमी पडायचा. तुम्हीही जेवलात आणि हळूच विचारलंत, "उरलीय का अजून?"

तरी उपटणं काही सोडलं नाहीत. "फुलं धरायच्या आत काढायची. तुकडा मातीत राहिला तरी परत मूळ धरते." मी म्हणायचे, जरा वाढू द्या. तुम्ही कधी ऐकलंत?

काल मी रामवाडीला बहिणीकडे गेले होते. माझ्या मागे नंदूने वाफ्यावर तणनाशक मारलं आणि तो शिफ्टला गेला. मी परतले तर पायरीशी फवारणीचा पंप, सगळीकडे उग्र वास, आणि वाफ्याच्या मधोमध घोळीचे कोवळे शेंडे खुडलेले.

असं खुडते ती शेजारची कमल. हवी तेव्हा ने, असं मीच तिला सांगितलेलं.

अनवाणीच धावले. कमल टोपातून भाजी वाढत होती. नवरा ताटावर बसलेला.

"खाल्लीस का गो?"

"नाय, आता बसतो जेवाया. मिठाला चाखली तेवढीच. का गो?"

मी तिच्या नवऱ्यापुढचं ताटच ओढलं. टोपातली भाजी खड्ड्यात ओतून वर माती लोटली, मग वाफ्यावर औषध मारल्याचं सांगितलं. कमलला तशीच डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, घाबरू नका, पण लक्ष ठेवा. ती ठणठणीत आहे. मीच तासातासाने तिच्या दारात जाऊन उभी राहते.

नंदू आल्यावर मी त्याला खूप बोलले. शेजारीपाजारी आपल्या वाफ्यातली भाजी नेतात, तुला ठाऊक नाय? तो मान खाली घालून म्हणाला, "आई, बाबांना ती घोळ डोळ्यांसमोर नको असायची. वाफा त्यांच्यासारखा ठेवावा म्हणून मारलं."

आता मी रागवायचं तरी कुणावर? पोरासमोर तुम्ही सदा घोळीला शिव्या दिल्यात. तो जेवायला असला की मुद्दाम वांग्याची भाजी मागायचात. तुम्हालाही ती आवडते हे त्याला एकदा सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

आज आम्ही दोघांनी तो वाफा वांग्यांसकट उपटला. बांधावरचं एक रोप दाखवून नंदूने विचारलं, "ही पण घोळच ना?" त्याला देठ मोडायला लावलं. दूध आलं. म्हटलं, हे दुधी नावाचं तण, हे खायचं नाय. घोळीचं पान जाड, देठ लालसर, आणि मोडली तर नुसतं पाणी सुटतं. त्याने दोन्ही रोपं हातात घेऊन नीट बघितली. पहिल्यांदाच.

त्या वाफ्यातलं यंदा कुणाच्या तोंडात जाऊ देणार नाही. पुन्हा औषध मारू देणार नाही. तिथे घोळ परत उगवली तर बी धरायच्या आत मी हाताने उपटेन, अगदी तुमच्यासारखी, तुकडाही न ठेवता. आणि पुढल्या वर्षी पुढच्या अंगणात घोळ आली की पहिली भाजी नंदूला वाढेन, आणि त्याचा बाप ती कशी मिटक्या मारत खायचा तेही सांगेन. तुम्ही लाजलात तरी सांगेन.

तुमची,
सुलभा