साळवेसरांच्या बायबलमधल्या चुका

३ जानेवारी, सकाळी ९.१०
निश्चय झाला. साळवेसरांना एका महिन्यात हरवायचं.
प्रसंग असा. जॉगिंग ट्रॅकवरच्या बाकावर सर म्हणाले, "चिंतामणराव, तुमच्या मिसेस सुखात आहेत बरं का." मी विचारलं, कुठे? म्हणाले, देवाजवळ. कशावरून? म्हणाले, आमच्या बायबलात आहे. छापखान्यात जन्मभर प्रूफं तपासलेल्या माणसाला "पुस्तकात आहे" सांगतात! पुस्तकात काय काय असतं ते मला विचारा.
बायबल वाचणार, चुका काढणार. प्रत त्यांनीच दिली. शत्रूनेच दारूगोळा पुरवला.
टीप: माझी बायको उत्तरा जाऊन दहा महिने झाले, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. हा निव्वळ बौद्धिक प्रश्न आहे.

६ जानेवारी
रोज चाळीस पानं ठरली आहेत. आज अकरा. निफाडला पारा सहावर, इथेही थंडी काही कमी नाही. रजईत बसून वंशावळी वाचल्या की झोप येणारच. धोरण म्हणून थेट नव्या करारापासून, म्हणजे येशूच्या भागापासून सुरुवात.
संध्याकाळी पहिली शिकार! येशूच्या वडिलांचे, म्हणजे योसेफचे, वडील मत्तयाने लिहिलेल्या चरित्रात याकोब, लूकाने लिहिलेल्यात एली. एका माणसाचे दोन बाप. लाल पेनाने गोल केला. मग आठवलं, प्रत त्यांची आहे.

९ जानेवारी
पहिला हल्ला. येशूला दगा देणारा यहूदा मेला कसा? मत्तय म्हणतो गळफास घेतला. पुढे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो शेतात पडतो आणि पोट फुटून मरतो. "कोणतं खरं?"
साळवेसर शाळेत गणित शिकवायचे. तरी शांतपणे म्हणाले, "आमचे वडील कसे गेले ते आम्ही चार भाऊ चार तऱ्हांनी सांगतो. पण वडील गेले, एवढं नक्की."
हे उत्तर नव्हे. गुणांवर मी पुढे. मग विचारत बसले, तुमच्या डब्यात भाज्या कुठल्या असतात, जेवण जातं का. विषय बदलायची जुनी युक्ती.

१४ जानेवारी
संक्रांत. अपूर्वाचा बंगळुरूहून फोन. मीटिंग होती, तरी पोरगी चार मिनिटं बोलली. म्हटलं, मीही बिझी आहे, मोठं काम हातात आहे. कसलं ते विचारायचं राहिलं तिचं.
साळवेसरांच्या मिसेसनी, नवसाबाईंनी, तिळाच्या वड्या पाठवल्या. ख्रिस्ती घरात संक्रांत! विसंगती म्हणून नोंदवली. वड्या सहा होत्या. पुरावा संपला.

२३ जानेवारी
आज परलोक. जुन्या करारात 'उपदेशक' नावाचं पुस्तक म्हणतं, मेलेल्यांना काहीच कळत नाही. लूकात मेलेला श्रीमंत माणूस तिकडून पाणी मागतो, मागे राहिलेल्या भावांची काळजी करतो. "मग कळतं की नाही कळत? एक काहीतरी ठरवा!" आवाज जरा चढला. योगावाल्या बायका वळून बघायला लागल्या.
सर म्हणाले, "तुमच्यात कसं? आत्मा दुसरा जन्म घेतो म्हणता. मग दरवर्षी पिंड कुणाला? जन्म झाला असेल तर ते माणूस कुठेतरी दूध पीत असेल ना?"
उद्या सांगतो म्हटलं.
घरी येऊन पुतण्याला, धवलला, फोन. तो रामकुंडावर विधी करतो, त्याला ठाऊक हवं. म्हणाला, "काका, दोन्ही खरं. यजमान थांबलेत, ठेवू?"
म्हणजे उत्तरा आता कुठेतरी रांगत असेल. दुपारभर हाच विचार. बौद्धिक अंगाने.

२ फेब्रुवारी
विजय! मुदतीच्या एक दिवस आधी!
सर म्हणत होते, वर सगळे भेटतात. मी मत्तयाचा बाविसावा अध्याय काढला. हे पान १२ जानेवारीलाच सापडलं होतं, का कोण जाणे बाहेर काढलं नव्हतं. मेलेले पुन्हा उठतील तेव्हा लग्न वगैरे काही नाही, सगळे देवदूतांसारखे. "म्हणजे सर, वर नवसाबाई भेटल्या तरी तुमच्या कुणी नसतील. येशू म्हणतोय, मी नाही."
सरांनी पान जवळ घेऊन स्वतः वाचलं. चष्मा काढून पुसला. "निघतो मी," म्हणाले, आणि फेरी अर्धवट टाकून गेले.
आनंदाने मिसळ खायला गेलो. समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, कुणी येऊन बसू नये म्हणून. कुणी आलं नाही. घरी येऊन "जिंकलो" म्हणालो. मोठ्याने.

५ फेब्रुवारी
तीन दिवस सर नाहीत. पराभव लागलेला दिसतो. आले की पहिला शब्द मीच बोलणार. मोठेपणा माझ्याकडे आहे.

९ फेब्रुवारी
नाहीत. पाच फेऱ्यांचा संकल्प तूर्त स्थगित, कारण बाक राखावा लागतो. फोन करायचा तर नंबर नाही. महिनाभर रोज भांडलो आणि नंबर घेतला नाही.

११ फेब्रुवारी
पुस्तक परत करायचं म्हणून शरणपूर रोडला विचारत विचारत त्यांच्या घरी गेलो. दारात चपला खूप. सुनेने आत घेतलं.
नवसाबाई गुरुवारी गेल्या. वर्षभर डायलिसिसवर होत्या. सकाळी त्यांचा डोळा लागला की सर तासभर ट्रॅकवर यायचे. मला कधी बोलले नाहीत. मीही घरचं कधी विचारलं नाही.
सर खुर्चीत बसले होते. जिन्यात दोन वाक्यं जुळवली होती, ती आठवेनात. "सॉरी सर," एवढंच आलं.
म्हणाले, "चिंतामणराव, एक काम कराल? तुमची नजर चांगली आहे. ते परवा दाखवलंत ना, नवरा-बायकोचं. त्याच्या उलट कुठे काही लिहिलंय का, बघाल? इतक्या विसंगती तुम्हाला सापडल्या. एखादी इथेही असेल."
पुस्तक घेऊन परत आलो.

१३ फेब्रुवारी
कालपासून रोज शंभर पानं. खरोखर शंभर. वंशावळींसकट. डबा दोन्ही दिवस गार झाला.

१८ फेब्रुवारी
मार्कात तेच, वर लग्न वगैरे नाही. लूकातही तेच. येशूच्या थडग्यापाशी बायका किती, देवदूत किती, यात यांचा मेळ नाही. आणि नेमकं इथे तिघांचं एकमत!

२६ फेब्रुवारी, सकाळी ८.३०
काल संपलं. दोन्ही करार, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. नाही सापडलं.
आता लिहूनच टाकतो. १२ जानेवारीला ते वचन सापडलं तेव्हा मी सरांची चूक शोधत नव्हतो. उत्तरा भेटेल का, ते बघत होतो.
आज सर ट्रॅकवर आले. स्वेटर फार ढगळ झालाय. बाकावर बसले. एक माणूस दोन फेऱ्या मारून गेला, मग म्हणाले, "सापडलं काही?"
मी म्हटलं, "अजून बरीच पानं बाकी आहेत, सर."
"सावकाश बघा," म्हणाले, "घाई नाही."